मास्तरांचा तिसरा खिसा

आमच्या मास्तरांची कंबर छत्तीस इंच. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं, आणि ज्या माणसानं अर्ध्या गावाच्या कंबरा मोजल्या त्याच्याशी कंबरेवरून वाद कोण घालणार? मास्तर म्हणजे माझे यजमान. शिवणकामाचं दुकान आहे आमचं, पुढे दुकान आणि मागे घर. ते कापतात, शिवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी काज करते, बटणं लावते, तुरपाई करते आणि उशीर झाला म्हणून ओरडत येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंड देते. मला कुणी काही म्हणत नाही. हिंमतच नाही कुणाची.

तर झालं असं, की माळ्यावरून कापडाचा गठ्ठा खाली आणताना मास्तरांना धाप लागली. इतकी, की शिडीच्या मधल्या पायरीवरच टेकले आणि मला म्हणाले, "अगं, शिडी उंच केलीस का?" मी हातातली सुई टाकली आणि दंडाला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, पण बोलायला एकदम सडेतोड. त्यांनी दाब मोजला, रक्त तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर साखर आणि चरबी अशा दोन आकड्यांभोवती लाल गोल करून विचारलं, "कंबर किती?"

"छत्तीस," मास्तर ऐटीत म्हणाले. "लग्नात होती तेवढीच."

बाईंनी खणातून टेप काढून त्यांच्या पोटाभोवती फिरवली. "त्रेचाळीस."

मास्तर हसले. "बाई, टेप आकसलीय तुमची. भिजली असणार कधीतरी." आणि त्यांनी गळ्यातली स्वतःची टेप काढून दिली. ती त्यांच्या गळ्यात कायम असते, आंघोळीला जाताना काय ती उतरते. बाईंनी त्या टेपनं पुन्हा मोजलं. साडेत्रेचाळीस भरली.

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येऊन मी त्यांची पॅन्ट उलटी करून उजेडात धरली आणि मग सगळा उलगडा झाला. पॅन्ट कापताना मागच्या शिवणीत आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढेमागे माणूस सुटला तर शिवण उसवून पॅन्ट ढिली करता येते. गिऱ्हाईक त्यासाठी दुकानात येतं, जरा लाजतं, आम्ही मापाच्या वहीत नवीन आकडा लिहितो आणि त्यालाही कळतं की आपण जाड झालो. मास्तरांना कोण सांगणार? पॅन्ट काचली की जेवणानंतर पाच मिनिटांत शिवण उसवायची, दुसरी टीप मारायची आणि कामाला लागायचं. माया संपली की तीच पॅन्ट टेबलावर पसरून तिच्यावरून नवी बेतायची. त्या पॅन्टच्या मागे जुन्या टिपांच्या भोकांच्या चार ओळी होत्या. मापाच्या वहीत सगळ्या गावाची पानं, आणि यांचं एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसरा कुणी असता तर मी पोट धरून हसले असते. पण मी हसले नाही, आणि त्याचं कारण आहे.

मास्तरांचे दादा, म्हणजे माझे थोरले दीर, याच दुकानात दुसऱ्या मशीनवर बसायचे. मास्तरांहून सात वर्षं दोन महिन्यांनी मोठे. आई लवकर गेली, तेव्हा दादांनीच यांना वाढवलं. दादा कुठेही जावोत, परत येताना खिशात धाकट्यासाठी काहीतरी असायचंच. लहानपणापासूनची सवय. हे चाळिशी ओलांडून गेले तरी दादांच्या खिशातून यांच्यासाठी एखादी गोळी निघायची, आणि हे ती गालात धरून मशीनवर बसायचे. एके दिवशी दुपारी दादांची मशीन थांबली. मला वाटलं बॉबीनचा दोरा संपला. मी मान वर न करताच म्हटलं, "दादा, भरलेली बॉबीन खणात आहे." उत्तर आलं नाही. पाय पायडलवर, हात कापडावर, आणि माणूस गेलेला. बावन्न वर्षं आणि चार महिने. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्याला आता सहा वर्षं झाली होती. अजूनही मास्तरांची मशीन जरा जास्त वेळ थांबली की माझी मान आपोआप वर होते. दवाखान्यातून येता येताच मी बोटांवर मोजलं: हे दादांच्या वयाचे व्हायला चौदा महिने. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, मी ती तारीख बारीक अक्षरात लिहून ठेवली. दुसरं काही लिहिलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. एवढी एक तारीख यांनी ओलांडावी, बाकी माझं काही मागणं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, "चाला, पोहा, सायकल चालवा, पण रोज घाम येऊ द्या." मास्तरांनी सायकल निवडली. दादांची जुनी काळी सायकल मागच्या खोलीत उभी होतीच. "त्यात काय आहे?" म्हणाले. "तीस वर्षं पायडल मारतोय. सायकल म्हणजे पुढे जाणारी मशीन." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पहिल्या दिवशी दोन किलोमीटर गेले आणि सायकलसकट दुधाच्या टेम्पोतून परत आले.

"चढ फार आहे गं त्या रस्त्याला," धापा टाकत म्हणाले.

"त्या रस्त्यानं मी लग्न झाल्यापासून जातेय. तिथला चढ अजून कुणाला सापडलेला नाही," मी म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पण माणूस हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. रोज पहाटे जायचे, रोज थोडं पुढे जायचे. रस्त्यात त्यांना आमच्या गावचे पोस्टमन भेटले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण सगळे त्यांना पोस्टमनच म्हणतात. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं, आता अडुसष्टाव्या वर्षी दर रविवारी चार-पाच जणांना घेऊन तीस-चाळीस किलोमीटर भटकून येतात. त्यांनी मास्तरांचे पाय बघितले आणि म्हणाले, "मास्तर, मशीनला टाच पुरते. सायकलला मांडी लागते, आणि ती तुमच्याकडे अजून आलेली नाही. रविवारी या." मास्तरांना अपमान वाटला, म्हणून ते गेले.

आता पुढचं ऐका. लांब जायचं म्हटल्यावर सायकलची सीट बोचायला लागली. बाजारात सायकलवाल्यांच्या गादीच्या चड्ड्या मिळतात. पण शिंप्यानं तयार कपडा विकत घ्यायचा म्हणजे आचाऱ्यानं शेजारी जेवायला जाण्यासारखं. मास्तरांनी स्वतः शिवायला घेतली. गादी म्हणून काय घातलं असेल? कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड! आमच्याकडे डबाभर पडलेले असतात. "खांद्याला शोभतात, बैठकीला का नाही शोभणार?" असं मलाच विचारलं. वर सवयीप्रमाणे मधोमध पक्की दुहेरी शिवण. उसवायची नाही म्हणजे नाही.

पस्तीस किलोमीटरमध्ये एक खांदा सरकून कमरेवर आला आणि दुसरा मांडीवर उतरला. ती दुहेरी शिवण मात्र जागची हलली नाही, आणि तिनं काय केलं ते मी सांगत नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस मास्तर खाली बसले नाहीत. जेवले उभ्यानं. मशीनसुद्धा उभ्यानं, एका पायावर, बगळ्यासारखी चालवली. शाळेच्या मुख्याध्यापिका ब्लाऊज न्यायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. "मास्तरांना काय झालंय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"खांदे दुखतायत," मी म्हटलं. खोटं बोलले का मी?

गुरुवारी त्यांनी ती चड्डी उसवली. मऊ कापड घेतलं, शिवण मधून काढून दोन्ही बाजूंना वळवली, आत फोमचा एकच अखंड तुकडा घातला. सहा वेळा ट्रायल झाली. ती इतकी झकास जमली की महिन्याभरात पोस्टमनसकट सगळ्यांनी तशीच शिवून घेतली. मास्तरांची छाती फुगली. पोटही उतरायला लागलं होतं. पॅन्ट सैल झाली हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा चांगला अर्धा तास आरशासमोर होते.

आणि इथेच घात झाला. अंगात जोर आला तसं डोक्यातही वारं शिरलं. त्यांच्या घोळक्यात बँकेतली एक कॅशियर मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. ती एका रविवारी मास्तरांना मागे टाकून गेली. आता ती पंचवीस वर्षांची, तिची सायकल हलकी, तिनं मागे टाकलं तर टाकलं. पण नाही! हे तिच्यामागे सुटले. त्यात पोट लवकर उतरावं म्हणून सकाळी साखरेची गोळी घेऊन काहीच खाल्लं नव्हतं. मला सांगितलं, "दूध प्यायलो." ते दूध आमच्या मांजरीनं प्यायलं होतं, हे मला नंतर कळलं.

साडेनऊला पोस्टमनांचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका. मास्तर रस्त्याच्या कडेला बसलेत." घाबरू नका असं कुणी म्हटलं की माणूस घाबरणार नाही तर काय करणार?  समोरच्या लाँड्रीवाल्याची गाडी काढायला लावली आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर बसून वीस किलोमीटर गेले. सगळ्या वाटेत मला दादांची ती थांबलेली मशीन ऐकू येत होती. थांबलेली मशीन ऐकू येते, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल.

जाऊन बघते तर मास्तर एका झाडाखाली बसून केळं खातायत. घामानं चिंब, चेहरा पांढराफटक, आणि मला बघून हसले. हसले! ती कॅशियर मुलगी रडवेली होऊन त्यांना वारा घालत होती.

"साखर उतरली होती गं. आता बरं आहे," म्हणाले.

मग मात्र माझा तोल सुटला. मी भर रस्त्यात ओरडले, "तुमच्या दादांना मी बघितलंय! मी होते तिथे! तुम्ही कापड आणायला गेला होता, मी एकटी होते. मला पुन्हा बघायचं नाही. ती सायकल भंगारात टाका!" पोस्टमन दुसरीकडे बघायला लागले. मास्तरांनी केळं खाली ठेवलं. 

मग हळू आवाजात म्हणाले, "सायकल टाकली तर मी पुन्हा दिवसभर मशीनच्या खुर्चीत बसणार. दादाही तसाच बसलेला असायचा."

हे खरं होतं, आणि म्हणून मला अजूनच राग आला. येताना मी पुढे लाँड्रीवाल्याशेजारी बसले आणि मास्तरांना मागे कपड्यांच्या ढिगावर बसवलं. लाँड्रीवाल्याला तेवढं सांगितलं, चुरगळलेले कपडे पुन्हा इस्त्री करून दे, पैसे आम्ही देऊ. दुसऱ्या दिवशी मास्तरांना डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. त्यांनीही चांगली हजामत केली, गोळी कमी केली आणि बजावलं की लांब जायचं तर दर तासाला खायचं, पाणी प्यायचं आणि जोरात जाणाऱ्यांना खुशाल जाऊ द्यायचं.

सांगून ऐकतील ते मास्तर कसले! मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. त्यांच्या सायकलच्या शर्टाला पाठीवर, कमरेच्या वर, तीन खिसे शिवले. पहिल्याला पांढरं बटण, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला लाल. पहिल्यात केळं, दुसऱ्यात शेंगदाणे, तिसऱ्यात खजूर. पहिल्या तासाला पांढरं उघडायचं, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला लाल. आणि नियम असा: एकही खिसा भरलेला परत आला, त्यात दाणा जरी राहिला, तरी पुढच्या रविवारी सायकलला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

"मी काय शाळेत जातोय का?" मास्तर म्हणाले.

"शाळेत मुलं डबा संपवतात," मी म्हटलं.

मापाच्या वहीत त्यांच्या नावाचं पानही मीच उघडलं. दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडायच्या आधी त्यांना उभं करायचं आणि माप घ्यायचं. जन्मभर दुसऱ्यांना "श्वास सोडा, पोट ओढू नका" सांगणारा माणूस माझ्यासमोर पोट ओढून उभा राहायचा. मी टेप धरून वाट बघायची. कितीसा वेळ ओढणार? शेवटी श्वास सुटायचाच. चाळीस, साडेएकोणचाळीस, एकोणचाळीस. एका महिन्यात पुन्हा चाळीस झाली. लेक बाळाला घेऊन राहायला आली होती आणि आजोबा नातवाच्या वाटचं सगळं खात होते. तेही मी लिहिलं.

कुलूप फक्त दोनदा लागलं. त्या दोन्ही रविवारी माणूस घरात असा फिरत होता की मलाच कीव आली. पण मी किल्ली दिली नाही.

असं करता करता वर्ष उलटलं. पोस्टमन वर्षातून एकदा सगळ्यांना धरणापर्यंत नेतात, जाऊन येऊन शंभर किलोमीटर. मास्तरांनी बाईंची परवानगी काढली. बाईंनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या, कागदावर एकही लाल गोल केला नाही, आणि म्हणाल्या, "जा, पण शर्यत लावायची नाही." रविवार कुठला धरायचा ते पोस्टमनांनी मास्तरांनाच विचारलं. मास्तरांनी सांगितलेली तारीख ऐकून माझ्या हातातली कात्री थांबली. वहीच्या शेवटच्या पानावरच्या तारखेचा तो दुसरा दिवस होता.

"दुसरा रविवार नाही मिळाला?" मी विचारलं.

"मिळाला असता," ते म्हणाले आणि काजाची खूण करायला लागले.  शनिवारचा अख्खा दिवस मी मशीनचा आवाज ऐकत बसले होते. मशीन चालू राहिली.

रविवारी पहाटे मी तिन्ही खिसे भरले, बटणं लावली; जेवण धरणावर व्हायचं होतं. खजूर बरोबर सहा. मास्तर दादांच्या सायकलवर टांग टाकून गेले आणि मी दुकानात येऊन बसले. सुट्टी होती, काम काही नव्हतं. हाताला चाळा म्हणून बॉबिनी भरायला घेतल्या. पांढऱ्या भरल्या, काळ्या भरल्या, तपकिरी भरल्या. बारा वाजता दुकानातली एकही बॉबीन रिकामी राहिली नव्हती. मग मी जांभळ्या दोऱ्याच्या काही उसवून पुन्हा भरल्या. आमच्याकडे जांभळं कुणी शिवत नाही.

दोन वाजता ती कॅशियर मुलगी आली, बाकीचे आले. "मास्तर मागे आहेत मावशी, पोस्टमनकाका आहेत सोबत. छान चाललंय त्यांचं. मी दोनदा त्यांच्या पुढे गेले, पण काही बोलले नाहीत." तीन वाजले. साडेतीन वाजले. मी दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि मनात शिव्या देत होते. नवऱ्याला, पोस्टमनला, सायकलचा शोध लावणाऱ्याला. कुणाला सोडलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरून पोस्टमन आले आणि त्यांच्यामागे मास्तर. सायकल हातात धरून चालत. मी पायरी उतरून पळत सुटले. मग दिसलं, की ते चालता चालता पोस्टमनांना काहीतरी सांगून मोठ्यानं हसतायत.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," पोस्टमन म्हणाले. "नव्व्याण्णव किलोमीटर चालवली, शेवटच्या चढाला मांडीत गोळा आला. गाडी बोलावतो म्हटलं तर ऐकेनात."

"कुठला चढ?" मी म्हटलं. "तिथे चढ नाही."

 मी मास्तरांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मांडी चोळली. मग नियमाप्रमाणे मागे जाऊन खिसे तपासायला घेतले. पांढरं बटण, रिकामा. निळं बटण, रिकामा. लाल बटण उघडलं आणि माझ्या बोटांना खजूर लागला. एकच.

"हे काय?" मी तडकले. "मांडीत गोळे येणार नाहीत तर काय होईल! सहा मोजून दिले होते मी. एवढं सांगून, एवढं..."

"अगं, ऐक तरी," मास्तर म्हणाले. "वहीचं शेवटचं पान काय तू एकटीच उघडतेस?"

मी खजूर हातात घेऊन त्यांच्या समोर आले.

"आजपासून मी दादापेक्षा मोठा," ते म्हणाले. "एका दिवसानं का होईना. मग धाकट्यासाठी खिशात काहीतरी ठेवायला नको?"

मला रडू आलं. सरळ सांगते, त्या पोस्टमनांसमोर मी हुंदके देऊन रडले, आणि मास्तरही रडले, आणि पोस्टमन "मी सायकलला हवा भरतो" म्हणून बाहेर गेले. त्यांच्या सायकलमध्ये हवा भरपूर होती. तो खजूर आम्ही दादांच्या मशीनवर ठेवला. संध्याकाळी मुंग्या दिसायला लागल्या तेव्हा मी तो उचलला, अर्धा त्यांना दिला, अर्धा मी खाल्ला.

एक तारखेला माप घेतलं, साडेसदतीस. छत्तीस नाहीच. मास्तर म्हणतात, टेप आकसलीय.

आणि नियम तो नियम. पुढच्या रविवारी सायकलला कुलूप लावलं. मी शब्दाची पक्की आहे. किल्ली मात्र पहाटेच त्यांच्या लाल बटणाच्या खिशात टाकून ठेवली होती.